पोह्यातली काच

आवळे सिस्टरांनी माझ्या खाटेच्या लोखंडी दांड्याला पाटी अडकवली आणि कशासाठी ते न सांगता पुढे गेल्या. पत्र्याची पाटी, पिवळा रंग मारलेली, वर सुतळी, आणि लाल अक्षरांत एकच शब्द: उपाशी. संध्याकाळचे सात वाजले होते. मी नुकताच दोन चपात्या आणि दुधीची भाजी खाऊन बसलो होतो, त्यामुळे पाटीवरचं लिखाण धादांत खोटं होतं. हे मी मामाला दाखवणार, तेवढ्यात समोरच्या खाटेवरून यशोधन म्हणाला, "लागला तुझा नंबर."

"कसला?"

"शॉकचा. उद्या सकाळी."

एसटी किती वाजता आहे हे सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

ही गोष्ट मिरजेतली, पंधरा वर्षांपूर्वीची. तिथल्या एका दवाखान्यात मानसोपचार विभागाच्या पहिल्या मजल्यावर आमच्या वयाच्या पोरांसाठी वेगळी खोली होती. चार खाटा, त्यातली एक रिकामी. खिडक्यांना जाळ्या, पंख्यांना पिंजरे, आणि प्रत्येक खाटेखाली एक चटई, कारण पेशंटसोबत घरचा एक माणूस राहिलाच पाहिजे असा नियम होता. माझं नाव सन्मती मगदूम. या नावाने अशा ठिकाणी दाखल होणं अवघड जातं. केसपेपर करणाऱ्या माणसाने नाव ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि मामाला म्हणाला, बरं, आता पेशंटचं नाव सांगा.

माझा आजार असा, की माझं हृदय बंद पडणार होतं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे आणि पक्की खात्री व्हायची की हे शेवटचं. चार महिन्यांत माझे अकरा ईसीजी निघाले होते आणि अकराही चांगले आले होते. त्याने मला धीर यायच्या ऐवजी संशय यायचा. आधी अकरावीचं कॉलेज सुटलं, मग गल्ली सुटली, शेवटी मी संडासाला गेलो तरी कुणीतरी दाराबाहेर उभं राहून "हाय का रे?" असं विचारत राहावं लागायचं. सुटली नव्हती ती फक्त चेष्टा. मरतानाही मी काहीतरी बोलायचोच, त्यामुळे घरच्यांना मी घाबरलोय की नाटक करतोय हे कधी धड कळलं नाही. आईने मला भूपालमामाच्या ताब्यात दिलं. मामाचं शिरोळला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. ते त्याने नोकरावर सोडलं आणि माझ्या खाटेखाली राहायला आला. चातुर्मास चालू होता. मामाने कांदा सोडला होता आणि मला न विचारता माझ्या वतीनेही सोडला होता.

यशोधन घोरपडे सतरा वर्षांचा. त्याची ही दाखल व्हायची तिसरी वेळ, त्यामुळे दवाखान्याचा कारभार तो आम्हाला समजावून सांगायचा. गेल्या वर्षी त्याने चार शॉक घेतले होते. त्यानेच मी माणसात आलो, असंही तो म्हणायचा, पण ते मी मनावर घेतलं नव्हतं. मी बाकीचं ऐकत होतो. सकाळी स्ट्रेचरवरून नेतात. दंडात सुई. मग एकदम दुपार.

"उठलो तर आमच्या कुत्र्याचं नाव आठवंना," तो म्हणाला. "दोन दिवस."

"मग?"

"मग आईनं सांगितलं. मोती."

"मग आठवलं?"

"मोती काय, कुणाच्याबी कुत्र्याचं असतंय. मी आपलं हो म्हणालो."

उपाशी कशासाठी ठेवतात हेही त्याने सांगितलं. पोटात अन्न असलं आणि भूल दिली, तर ते उलटून वर येतं आणि श्वासनळीत जातं. मग शॉकची गरजच उरत नाही. एवढं सांगून तो कूस बदलून झोपला.

मी मामाला विचारलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, पाच वाजता एका कागदावर सही घेतलीय खरी.

"कशाचा कागद?"

"इंग्रजी होता."

"वाचला नाहीस?"

"सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं की त्यांनी," मामा म्हणाला. त्याच्या मते यात वाचण्यासारखं काही उरत नव्हतं.

सिस्टरांना विचारणं हा एक मार्ग होता. त्यांचं टेबल वीस पावलांवर होतं. पण विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत निदान अर्धा टक्का तरी नाही शिल्लक होतं. मी तो अर्धा टक्का उराशी धरून पडून राहिलो आणि आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं पाठ करत बसलो. चुलत धरून बावीस झाली. म्हशीचंही घेतलं.

तिसऱ्या खाटेवर प्रणित लोखंडे होता. कवठे महांकाळकडचा, पंधरा वर्षांचा, वजन छत्तीस किलो. त्याला अन्नात काच दिसायची. काच म्हणजे अगदी बारीक, पिठासारखी. भातात, भाकरीत, दुधात. त्यामुळे तो फक्त मूळच्या सालीतलं खायचा: केळं, उकडलेलं अंडं, टरफलातल्या शेंगा, तेही स्वतः सोललं तर. नऊ दिवसांपूर्वी एका अंड्याला तडा गेलेला निघाला आणि त्याने अंडीही सोडली. मग शेंगा सोडल्या. आता दिवसाला दोन केळी, तीही देठाकडून, खिडकीच्या उजेडात तपासून. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. ते दिवसभर खाटेशेजारी उभे असायचे. बसायची सवयच नव्हती. बुधवारी सकाळच्या राउंडला डॉक्टर किणीकर मॅडमनी बापलेकाला समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, की उद्याच्या राउंडपर्यंत त्याने साधं अन्न खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, दुसरा इलाज नाही. प्रणितने तेव्हापासून नाकावर हात ठेवला होता तो काढला नव्हता.

गुरुवारी सकाळी सहाला मामा अंघोळीला गेला. लोखंडे काका गरम पाण्याची किटली घेऊन खाली उतरले. यशोधनची आई कॅन्टीनच्या रांगेत. प्रणित भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी उठलो, माझ्या खाटेची पाटी काढली आणि त्याच्या खाटेला अडकवली.

एवढंच. आठ-दहा पावलं जाऊन-येऊन. गंमत म्हणजे ती चालताना माझी छाती अजिबात धडधडली नाही.

मी स्वतःशी असं म्हणालो की पाटीवर उपाशी लिहिलंय आणि तो तसाही उपाशीच आहे, म्हणजे मी पाटी जिथली तिथे नेऊन लावतोय. आणि तसंही न्यायच्या आधी कुणीतरी नाव विचारेलच. पण न विचारलं तर स्ट्रेचर कुणाच्या खाटेशी येऊन थांबणार हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. मी परत येऊन चादर डोक्यावरून घेतली तेव्हा चादरीच्या फटीतून दिसलं, की यशोधन जागा आहे आणि माझ्याकडे बघतोय.

मामा अंघोळ करून आला आणि त्याने विचारलं, पाटी कुठाय. सिस्टरांनी काढून नेली, म्हणालो. रद्द झालं. मामाने तिथेच टॉवेलवर हात जोडले.

साडेसातला सुंदराक्का नाष्ट्याची गाडी घेऊन आली. ही वेळ सिस्टर लोकांची पाळी बदलण्याची. रात्रीच्या सकाळच्यांना चार्ज देत टेबलाशी उभ्या असायच्या आणि तेवढा अर्धा तास आमच्यावर सुंदराक्काचं राज्य. तिचा कारभार साधा होता. ती आमच्याशी बोलायची, लाडाने बोलायची, पण आमचं ऐकायची नाही. पेशंट काय बी सांगतंय, असं तिचं म्हणणं, आणि वीस वर्षं या वॉर्डात काढल्यावर ते चूक म्हणता येणार नाही. ती खाटेला काय लावलंय ते बघायची. पाटी नसली की प्लेट, पाटी असली की पुढची खाट.

तिने यशोधनला पोहे दिले. मला दिले. मामासमोर मी कांदा बोटाने बाजूला सारत दोन घास खाल्ले. कुणी भूल देणार नसलेल्या माणसाला पोहे किती छान लागतात, याची मला कल्पना नव्हती.

"अक्का," प्रणित म्हणाला, "मला बी द्या. थोडं."

गरम पाण्याच्या रांगेतून नुकतेच वर आलेले लोखंडे काका किटली हातात धरून तसेच उभे राहिले.

"काय म्हणालास?"

"पोहं," प्रणित म्हणाला. नाकावरचा हात त्याने पहिल्यांदाच काढला होता. "रातभर इचार केला. नळीपरास काच परवडली."

सुंदराक्काने डाव भरून वर उचलला. मग तिची नजर खाटेच्या दांड्याकडे गेली आणि तिने डाव परत पातेल्यात ठेवला.

"पाटी हाय की रं बाळा. दुपारी."

काकांनी वाकून पाटी वाचली. त्या माणसाने सत्तावीस वर्षं लोकांना नियम दाखवले होते. नियम समोर आल्यावर त्याच्याशी वाद कसा घालायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी प्लेटमध्ये बघायला लागलो. कायतरी तपासणी असंल, ते मुलाला म्हणाले. सिस्टरनं लावलीय म्हणजे असंलच. दुपारी खा, मी हितंच हाय.

प्रणितने पाटी बघितली, पातेलं बघितलं, मग वडिलांकडे बघितलं.

"काल नव्हती पाटी."

"आज लावली असंल."

"मी खातो म्हणायच्या आधीच?" तो अगदी शांतपणे बोलत होता. एखादं गणित कितीतरी दिवस सुटत नसावं आणि आज सुटावं, तसं. "म्हंजी त्यास्नी म्हाईत हाय त्यात काय हाय ते. म्हणून मला देत न्हाईत. ह्यास्नी देत्यात, मला न्हाई."

"तसं नसतंय बाळा."

"मग कसं असतंय?"

उत्तर माझ्याकडे होतं. प्रणितने हात परत नाकावर ठेवला, दुसरा तोंडावर ठेवला आणि भिंतीकडे वळला. यशोधन पोहे खात होता आणि खाता खाता माझ्याकडे बघत होता.

आणि तेव्हा माझी छाती सुरू झाली. आधी बोटं गार पडली, मग कानात आवाज, मग ते नेहमीचं, की आता, आता, आता. मी अशा वेळी जे करतो तेच केलं. म्हणालो, अक्का, पाटी चुकली बघा, रात्री झोपेत चालत तिकडे गेली. सुंदराक्का हसली आणि म्हणाली, बस गप. मामा हसला. प्रणितची पाठ हलली नाही.

मग मी ते साध्या शब्दांत सांगितलं. पाटी माझी आहे. मी तिकडे लावली.

"सन्मती," मामा म्हणाला, "सगळ्याची चेष्टा करू नगंस लेका. पोरगं बघ कसं झालंय."

"चेष्टा नाही मामा."

"तूच म्हणालास सिस्टरनी काढली."

"खोटं बोललो."

मामा यशोधनकडे बघायला लागला, पण यशोधनने प्लेटमधून डोकं वर काढलं नाही. काकांना वाटलं मी त्यांच्या मुलाची समजूत घालायला काहीतरी रचतोय. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं, की राहू दे बाबा. हे मला सगळ्यात वाईट लागलं. मी खाटेवरून उतरलो. खाटेचे दांडे धरत गेलो. प्रणितच्या खाटेची पाटी काढली आणि ती कुठे लावायची हे न सुचल्यामुळे स्वतःच्या गळ्यात घातली.

सुंदराक्काने ते बघितलं. तिने विचारबिचार काही केला नाही. ती माझ्या खाटेशी गेली, माझी अर्धी खाल्लेली प्लेट उचलून गाडीच्या खालच्या कप्प्यात टाकली, नवी प्लेट भरली आणि प्रणितच्या पुढ्यात ठेवली. पाटी जिकडे गेली तिकडे उपास गेला. तिच्या बाजूने प्रश्न मिटला होता.

प्रणित वळला. त्याने माझ्या गळ्यातली पाटी वाचली.

"तुला कशाला हुती ही?"

"आज शॉक द्यायचाय मला. म्हणून उपाशी."

"आणि मला लावलीस."

"हो."

"शॉक हाय हे म्हाईत असताना?"

"हो."

"का?"

इथे मला विनोद सुचला नाही. खरं उत्तरच इतकं हास्यास्पद होतं की त्यात भर घालायला जागा नव्हती. "तू तसाही खात नव्हतास," मी म्हणालो.

मामा चटईवर बसला. काका किटली खाली ठेवून सरळ उभे राहिले, आणि मला वाटलं आता ते येतील. पण ते मुलाकडे बघत होते, कारण प्रणित उठून बसला होता. तो प्लेट डोळ्यांजवळ धरून तपासत होता.

"म्हंजी पाटी पोह्यामुळं नव्हती."

"नाही."

"ह्यात काच न्हाई."

"नाही. मी खाल्ले ना आत्ता."

"ती प्लेट येगळी," तो म्हणाला. त्याने चमचा भरला आणि माझ्यापुढे धरला. "हे खाऊन दाखव."

"खाऊ नको," यशोधन मागून हळूच म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. "उलटून येतंय, सांगितलंय तुला."

"आधीच दोन घास खाल्लेत," मी म्हणालो.

त्याने थोडा विचार केला. "दोन बहुतेक चालतील."

सुंदराक्का म्हणाली, पाटीवाल्याला देऊ नगंस रं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला सगळं स्पष्ट दिसलं. इथे सांगून काही होत नाही. आता मी ओरडून सांगितलं की मी खाल्लंय, तरी स्ट्रेचरवाले गळ्यातली पाटी बघतील आणि नेतील. सुई टोचतील. मग हे पोहे उलटून वर येतील, आणि अकरा ईसीजींना जे जमलं नाही ते साधेल. चमचा माझ्या तोंडापासून वितभर अंतरावर होता. त्यामागे प्रणितचं मनगट, आणि ते इतकं बारीक होतं की चमचाच जड वाटत होता. अजून थोड्या वेळाने तो चमचा खाली ठेवला गेला असता, आणि परत उचलला गेला नसता.

मी तोंड उघडलं.

"अरे, कांदा हाय त्यात," मामा म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काय म्हणावं ते कळलं नसणार.

मी चावायला लागलो. प्रणित माझ्या जबड्याकडे बघत होता. तिसऱ्या-चौथ्या चावण्याला माझ्या दाढेखाली काहीतरी कर्रकन फुटलं, आणि ते त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. प्रणितचे डोळे मोठे झाले.

"काय हुतं ते?"

मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, त्या अर्ध्या क्षणात मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आहे. खरंच आहे. हा पोरगा पहिल्यापासून बरोबर होता आणि आम्ही सगळे वेडे. जीभ आखडून मी तोंडात चाचपलं, हृदय कानात वाजत होतं, मग चव आली.

"शेंगदाणा," मी म्हणालो.

"दाखव."

मी जीभ बाहेर काढून दाखवला. त्याने जवळ येऊन, मान इकडे तिकडे करून अर्धा चावलेला शेंगदाणा बघितला. माझ्या अंगाला घाम फुटला होता, पाटीची सुतळी मानेला चिकटली होती, आणि मी एका पंधरा वर्षांच्या मुलाला जिभेवरचा शेंगदाणा दाखवत मरणाची वाट बघत उभा होतो.

"गीळ," तो म्हणाला.

गिळला. त्याने मनातल्या मनात काही आकडे म्हटले असावेत, कारण त्याचे ओठ हलत होते. मग तोच चमचा भरून, थोडा, अगदी चिमूटभर, स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे घट्ट मिटले. काकांनी खाटेचा दांडा धरला. प्रणित किती तरी वेळ चावत राहिला. गिळल्यावर त्याने डोळे उघडले, बोट घालून हिरड्या तपासल्या, बोटाला रक्त नाही हे बघितलं आणि चमचा परत माझ्याकडे केला.

असे आम्ही ते पोहे खाल्ले. एक घास मी, एक घास तो. माझी धडधड मधेच कधीतरी थांबली. कधी ते मी बघितलं नाही, कारण तोंड भरलेलं होतं.

आठला प्रयोगशाळेचा माणूस ट्रे घेऊन आला आणि त्याच्यामागे चार्ज देऊन मोकळ्या झालेल्या आवळे सिस्टर. मला गळ्यात पाटी घालून, ओठाला हळद लागलेली, दुसऱ्याच्या खाटेवर बसलेला बघून त्या थांबल्या.

"खाल्लंस?"

"हो."

"पाटी घालून?"

"हो."

साखर आणि थायरॉइड तपासायचं होतं, त्या म्हणाल्या. उपाशीपोटी रक्त. आता उद्यावर गेलं. शॉकचं ऐकल्यावर त्यांनी यशोधनकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला. तुझ्या आजाराला शॉक देतात हे तुला कुणी सांगितलं, त्यांनी मला विचारलं. आणि ज्यांना देतात त्यांच्या घरच्यांना मॅडम आधी तासभर समजावून सांगतात, असं परस्पर कुणी पाटी लावून नेत नाही. मामाने सही केली होती तो रक्ततपासणीचा कागद होता. हे सगळं ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी पाटी काढून त्यांच्या हातात दिली तरी तसं वाटलं नाही, कारण लोखंडे काका दारात उभे राहून मला बाहेर बोलावत होते.

व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशी आम्ही उभे राहिलो. मी कानाखाली खायच्या तयारीने गेलो होतो. टाकीचा नळ गळत होता तो काकांनी आधी घट्ट केला.

"शॉक असता," ते म्हणाले, "आणि आज माझ्या पोराला नेला असता. स्ट्रेचरवर घालून. तर तू सांगितलं असतंस?"

हो म्हणणं सोपं होतं. मी त्यांच्या खिशाला लावलेल्या पेनाकडे बघत राहिलो.

"माहीत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. "हो म्हणाला असतास तर एक ठेवून दिली असती," ते म्हणाले. मग खोलीकडे बघितलं. प्रणित खाटेवर बसून रिकामी प्लेट उजेडात धरून तपासत होता. "बाराला जेवण येतंय. पहिला घास तू खायचा. सांजच्याला बी. आन् मी सांगीपतोर खायचा."

त्यात माफी नव्हती. ती मी मागितलीही नव्हती.

राउंडला किणीकर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. नळी पुढे ढकलली. चाखायचं काम त्यांना फारसं पसंत नव्हतं. त्याला स्वतः खाता यायला हवं, तुझ्या तोंडाने नाही, असं त्या मला म्हणाल्या, पण आठवडाभर चालू दे, मग मी कमी करत आणेन. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पदार्थाचा एक घास, नंतर फक्त भाताचा, नंतर काहीच नाही. बारा दिवस मी हे केलं. आमटी, भाकरी, उसळ, शिरा, एकदा वरणातली आख्खी मिरची. माझं वजन तीन किलोनं वाढलं आणि मामाने चातुर्मासाबाबत देवाशी काय बोलणी केली ते मला सांगितलं नाही. प्रणित माझ्याशी दुसरं काही बोलायचा नाही. फक्त चमचा पुढे करायचा.

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही, मॅडमनाही नाही. त्या शेंगदाण्यानंतर मलाही वाटायला लागलं होतं. दर वेळी. चमचा ओठाशी आला की वाटायचं, आज काच असेल. कालपर्यंत नव्हती, आज असेल. जीभ आपोआप मागे सरायची, दाढा एकमेकींना टेकायच्या नाहीत. समोर प्रणित बसलेला असायचा, पाठीशी त्याचे वडील उभे, आणि तो माझ्या जबड्याकडे बघत असायचा.

मी चावायचो.